गुंगीतल्या रुग्णाचा श्वास



आम्ही बँकेत खाती सांभाळणारी माणसे, डॉक्टर नव्हे. तरीही आजचा विषय वैद्यकीय आहे. कारण अपघात विभागाच्या दाराशी संमतीपत्रावर सही करण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही येऊ शकते.

निखळलेला खांदा बसवताना वेदना असह्य होतात. म्हणून मिडॅझोलाम, केटामाइन, प्रोपोफोल यांसारखे औषध देऊन रुग्णाला थोडा वेळ गुंगीत ठेवतात. हा मोठाच दिलासा. पण गुंगी खोल गेली तर श्वास मंदावतो, जीभ मागे पडून श्वासमार्ग अडतो, क्वचित श्वास थांबतोही.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर २०२० च्या करोना साथीत घरोघरी पोहोचला. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्याचे तत्त्व शोधले. परंतु तो रक्तातला प्राणवायू मोजतो, श्वास नव्हे. श्वास थांबला तरी साठ्यावर आकडा काही काळ चांगला दिसतो. नळीने जादा प्राणवायू चालू असेल, तर धोका आणखी उशिरा कळतो. आमच्या भाषेत सांगायचे, तर भरणा बंद झाला तरी शिल्लक संपेपर्यंत चेक वटतच राहतात!

रोजचा भरणा पाहणारे यंत्र म्हणजे कॅप्नोग्राफ. नाकाशी लावलेल्या बारीक नळीतून ते उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजते. पडद्यावर प्रत्येक श्वासाची लाट उमटते. आकडा साधारणपणे ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. श्वास थांबताच लाट सपाट होते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोपोफोल दिलेले १३२ रुग्ण होते. डॉक्टरांना ही लाट दिसत होती त्या गटात २५ टक्के रुग्णांचा प्राणवायू घटला. दिसत नव्हती त्या गटात ४२ टक्के.

मात्र यंत्र म्हणजे सर्वस्व नव्हे. रुग्णाच्या छातीकडे व चेहऱ्याकडे पाहत राहणारा, वेळेवर हनुवटी उचलणारा माणूस हवाच.

मग आपण काय करावे? रुग्ण शेवटचे कधी जेवला, कोणती औषधे घेतो, दारू प्यायला आहे काय, झोपेत फार घोरतो काय, हे न लपवता सांगावे. "श्वासावर लक्ष कोण ठेवणार?" हे नम्रपणे विचारावे. गरिबाने विचारू नये, असा नियम कुठेही नाही. आणि खांदा बसला की घरी नेण्याची घाई करू नये. वेदना ओसरल्यावर गुंगी अधिक गडद होऊ शकते. रुग्ण पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावे.

विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी परिचारिका, कोणी डॉक्टर होईल. त्या वेळी केवळ आकड्यावर विसंबू नका, श्वास पाहा.