उपचार आणि आसरा : आपल्या रुग्ण-निवासाविषयी निवेदन

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वार्षिक सभेत पूर्ण झालेल्या कामांचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. आज मात्र एका अपूर्ण कामाविषयी बोलण्याची आम्ही आपली अनुमती मागतो. आपल्या रुग्ण-निवासाची योजना या वर्षीही पूर्णत्वास गेलेली नाही. स्थानिक गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीतील जी इमारत या कार्यासाठी आपल्याला मिळावयाची आहे, तिचा ताबा अद्याप मिळालेला नाही. आपण विश्वासाने निधी दिला आहे, तेव्हा हे सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

प्रथम या निवासाची गरज. कर्करोगावरील किरणोपचार बहुधा आठवड्यातून ५ दिवस दिले जातात आणि कित्येक रुग्णांच्या बाबतीत ते ५ ते ७ आठवडे चालतात. प्रत्यक्ष उपचाराचा वेळ दररोज काही मिनिटांचाच असतो. तेवढ्यासाठी रुग्णाला दाखल करून खाट अडवून ठेवता येत नाही, आणि दूरच्या गावाहून रोज ये-जा करण्याचे त्राण त्याच्या अंगी नसते. त्याला गरज असते ती एका खोलीची, स्वयंपाकाच्या ओट्याची आणि सोबतीला आलेल्या माणसाला पाठ टेकण्यापुरत्या जागेची.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवल्या जातात. निर्धन रुग्ण निधीसाठी देयकांच्या २ टक्के रक्कमही वेगळी काढावी लागते. आपण या तरतुदींचे पालन करतो. परंतु ही सर्व व्यवस्था रुग्णालयाच्या दारापर्यंतची आहे. रात्र कोठे काढावी, या प्रश्नाचे उत्तर तीत नाही. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, त्या याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांचा मोठा आधार आहे.

गतवर्षी शेतमजुरी करणारे एक दांपत्य आपल्याकडे आले. पत्नीवर किरणोपचार सुरू झाले. उपचारांचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून झाला. प्रारंभी दोघे भाड्याच्या खोलीत राहिले, पैसे संपल्यावर बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात. पहाटे फरशी पुसण्याची वेळ झाली की आमचाच रखवालदार त्यांना उठवीत असे. चौथ्या आठवड्यात ती दोघे न सांगता गावी निघून गेली. किरणोपचारात खंड पडला की त्यांचा परिणाम उणावतो, हे डॉक्टरांनी त्यांना समजावले होते. त्यांना ते कळलेही होते. आमच्या खतावणीत त्या नावापुढे येणे बाकी शून्य आहे. उपचार मात्र अर्धाच झाला आहे. हिशेब जुळल्याचे समाधान आम्हांला त्या दिवशी लाभले नाही.

आता विलंबाची कारणे. इमारत उभी आहे. अग्निशमन विभागाच्या दाखल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र नाही, आणि भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा नाही. या कालावधीत मंडळातील संबंधित अधिकारी बदलले आणि प्रत्येक वेळी आम्हांला प्रारंभापासून सांगावे लागले. तथापि सर्व दोष मंडळाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. निवासाचे दैनंदिन व्यवस्थापन कोण करील, देखभालीचा खर्च कोठून येईल, अशी लेखी विचारणा मंडळाने केली होती. त्या पत्राला उत्तर देण्यास आम्हांला ७ महिने लागले. ते महिने आमच्या खात्यावर नावे पडले आहेत आणि त्याबद्दल आम्ही या सभेपुढे दिलगिरी व्यक्त करतो.

शेजारच्या रहिवाशांशीही आम्ही वेळेवर बोललो नाही. या बाबतीत मुंबईचे उदाहरण बोलके आहे. कर्करुग्णांच्या नातेवाइकांसाठी म्हाडाने करी रोड परिसरातील १०० सदनिका टाटा रुग्णालयाला देण्याचे ठरविले आणि मे २०२१ मध्ये त्यांच्या चाव्याही दिल्या गेल्या. स्थानिक रहिवाशांच्या आक्षेपानंतर जूनमध्ये त्या निर्णयास स्थगिती मिळाली व बॉम्बे डाइंग गिरणीच्या जागेवरील पर्यायी सदनिकांची घोषणा करावी लागली. चावी हाती आली म्हणजे घर मिळालेच, असे नव्हे. कर्करोग संसर्गजन्य नाही, बाहेरून किरणोपचार घेतलेल्या रुग्णापासून शेजाऱ्यांना किरणांचा धोका नसतो, हे आपणच शेजाऱ्यांच्या दारी जाऊन सांगावयास हवे होते.

निधीविषयीही स्पष्ट सांगितले पाहिजे. आयकर कायद्यानुसार विश्वस्त संस्थेने उत्पन्नाचा ८५ टक्के भाग सामान्यतः त्याच वर्षी उद्दिष्टांसाठी वापरावयाचा असतो. विशिष्ट कार्यासाठी तो बाजूला ठेवल्यास ५ वर्षांत खर्च करावा लागतो. निवासासाठी याप्रमाणे राखलेल्या रकमेची मुदत जवळ येत आहे. विलंब असाच चालू राहिला तर सेवेसाठी जमविलेल्या रकमेवर कर भरण्याची पाळी येईल.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही पुढील गोष्टी ठरविल्या आहेत. परिचारिका वसतिगृहाचा रिकामा असलेला तळमजला किरणोपचाराच्या रुग्णांसाठी तात्पुरता खुला केला जाईल. उपचार अर्धवट सोडणाऱ्या प्रत्येक रुग्णाची व त्याच्या कारणाची नोंद स्वतंत्र वहीत ठेवली जाईल आणि ती वही दरवर्षी जमाखर्चाबरोबर या सभेपुढे येईल. मंडळाशी झालेल्या पत्रव्यवहाराची स्थिती दर तीन महिन्यांनी सूचना फलकावर लावली जाईल. वसाहतीतील रहिवाशांची सभा ताब्यापूर्वीच बोलाविली जाईल. ज्या देणगीदारांना आपली देणगी अन्य कार्याकडे वळवावी असे वाटत असेल, त्यांनी निःसंकोचपणे लेखी कळवावे.

ते दांपत्य परत येईल की नाही, हे आमच्या हाती नाही. पत्र पाठविले आहे. तळमजल्यावरील पहिली खोली त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. तिचे कुलूप लवकर उघडावे, एवढीच प्रार्थना.