अंबोनचा समेट



महोत्सवाच्या या सभेंत समुद्रापलीकडील एका बेटाची कथा मीं कां आरंभिली, असें कोणास वाटेल. परंतु अंबोन हें नांव आपणांस अगदींच परकें नाहीं. ज्या संत फ्रान्सिस झेवियरांचे पवित्र अवशेष गोव्यास बॉम जेझूच्या मंदिरांत आहेत, ते १५४६ सालीं त्याच बेटावर उतरले होते.

हें बेट आज इंडोनेशियाच्या मलुकू प्रांतांत मोडतें. तेथील ख्रिस्ती बहुतांशीं प्रॉटेस्टंट. आपले कॅथलिक थोडे. ख्रिस्ती व मुसलमान यांच्या संख्येंत फारसें अंतर नव्हतें, आणि 'पेला' नांवाच्या पुरातन शपथेनें दोन्ही धर्मांचीं कित्येक गांवें एकमेकांशीं बांधलेलीं होतीं. एका गांवानें मशीद उभारावयास घेतली कीं शपथेंतील ख्रिस्ती गांवानें हातभार लावावा, देवळाच्या वेळीं मुसलमान गांवानें धांवून यावें, अशी ती रीत.

असें असतां १९ जानेवारी १९९९ रोजीं, ऐन ईदच्या दिवशीं, अंबोन शहरांत भाड्याच्या गाडीवरून बाचाबाची झाली काय आणि मोहल्ले पेटले काय! पुढील तीन वर्षांत हजारों माणसें मेलीं, लाखों निराश्रित झालीं. भांडण केवळ धर्माचें होतें, असें मी मानीत नाहीं. १९९८ सालीं सुहार्तोंची दीर्घ सत्ता कोसळली होती, महागाईनें लोक गांजले होते, सरकारी जागांवरून चुरस होती. आणि सुलावेसी बेटावरून आलेले नवे रहिवासी त्या जुन्या शपथेच्या बाहेरचे होते.

सरकारनें काय केलें? जून २००० मध्यें अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनीं प्रांतांत आणीबाणी पुकारली. परंतु त्यापूर्वींच जावा बेटावरून 'लष्कर जिहाद'चे सशस्त्र तरुण जहाजांतून येऊन उतरले होते, आणि अध्यक्षांची मनाई असूनही त्यांस कोणीं अडविलें नव्हतें. शिपाई व पोलीस यांतही पक्ष पडले. ज्यानें तंटा मिटवावयाचा तोच एका बाजूस जाऊन उभा राहिला, तर गरिबानें दाद कोठें मागावी?

खरा प्रयत्न झाला तो २००२ सालीं. मंत्री युसुफ कल्ला हे स्वतः मुसलमान, सुलावेसीचे व्यापारी. पोसो येथील अशाच तंट्याचा समेट त्यांनीं डिसेंबर २००१ मध्यें घडवून आणला होता. ते आणि दुसरे मंत्री सुसिलो बांबांग युधोयोनो यांनीं दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी दक्षिण सुलावेसींतील मालिनो या डोंगरावरच्या गांवीं एकत्र बसविले. १२ फेब्रुवारीस ११ कलमांच्या करारावर सह्या झाल्या. हिंसा थांबवावी, विनापरवाना हत्यारें खालीं ठेवावींत, निराश्रितांनीं आपापल्या घरीं परतावें, जळालेलें पत्तिमुरा विद्यापीठ सर्वांसाठीं पुन्हां उभारावें, आणि एका स्वतंत्र समितीनें सत्य शोधून काढावें, अशीं तीं कलमें.

सह्या होतांच शांति आली, असें समजूं नका. त्याच एप्रिलांत सोया या ख्रिस्ती गांवावर हल्ला होऊन तेथील देऊळ जळालें. मात्र या वेळीं सरकार डगमगलें नाहीं. लष्कर जिहादचा पुढारी पकडला गेला, ऑक्टोबरांत ती संघटना विसर्जित झाली, आणि सप्टेंबर २००३ मध्यें आणीबाणी उठली. पुढें २००४ सालीं पुन्हां दंगल होऊन सुमारें चाळीस जण दगावले, तरी ती आग प्रांतभर पसरली नाहीं.

एक कलम मात्र कागदावरच राहिलें. सत्यशोधनाची समिती नेमली गेली, परंतु तिचा अहवाल जनतेपुढें मांडला गेला नाहीं. ज्या आईचा मुलगा गेला, तिला तो कोणीं व कां मारला हें सरकारकडून कधीं कळलें नाहीं. शहरांतही ख्रिस्ती मोहल्ले निराळे, मुसलमान मोहल्ले निराळे, अशी फाळणी पुष्कळ काळ तशीच राहिली. करारानें बंदुका थांबल्या. शेजार परत आला नाहीं.

तो आणण्याचें काम लोकांनींच अंगावर घेतलें. सप्टेंबर २०११ मध्यें एका मुसलमान दुचाकीवाल्याच्या मृत्यूवरून अंबोनांत पुन्हां दगडफेक व जाळपोळ झाली, आणि अमुक देऊळ जळालें, तमुक मशीद जळाली, अशा वावड्या फोनवरून उठूं लागल्या. तेव्हां पाद्री जॅकी मानुपुट्टी आणि मुसलमान पंडित अबिदीन वकानो यांच्या सोबत्यांनीं आपली माणसें मोहल्ल्यामोहल्ल्यांत पाठविलीं. जी इमारत जळाल्याची हूल उठे, तिच्यासमोर जाऊन तीं उभीं राहत, छायाचित्र घेत आणि 'ही पाहा, शाबूत आहे' म्हणून दोन्ही बाजूंस कळवीत.