आधी श्वास सोडायला शिकू या

(मंडळाच्या गणेशोत्सवात ज्येष्ठांसाठी झालेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, कॅरेज अँड वॅगन विभागातला साधा इंजिनिअर आहे. ‘श्वासाच्या व्यायामावर दोन शब्द बोला’ असे चिटणीस साहेबांनी सांगितले, तेव्हा मी जरा बिचकलोच. पण गेली काही वर्षे माझी आई सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराने त्रस्त आहे. तिच्याबरोबर दवाखान्याच्या फेऱ्या करताना डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून जे ऐकले, शिकलो आणि घरी करून पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो. औषधाचा निर्णय अर्थातच ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा.

हा आजार फक्त बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो असा आपला समज असतो. माझ्या आईने आयुष्यात बिडीला हात लावला नाही. पण जुन्या क्वार्टरमध्ये तिने पंचवीस वर्षे कोळशाच्या शेगडीवर स्वयंपाक केला. कोरब्याची खाण जवळ असल्यामुळे बिलासपूरच्या घराघरात कोळसाच जळायचा, हे येथील जुन्या मंडळींना सांगायला नको. तो धूर आज तिच्या छातीत बोलतो आहे. २०१६ सालच्या आकडेवारीनुसार आपल्या देशातील मृत्यूंच्या कारणांमध्ये हृदयविकाराच्या खालोखाल दुसरा क्रमांक सीओपीडीचा होता. तेव्हा हा कोणा एकाच्या घरचा प्रश्न नव्हे.

आता आजार नेमका काय आहे ते आपल्या रेल्वेच्या भाषेत सांगतो. एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक लावला की हवा ब्रेक सिलिंडरमध्ये शिरते. ब्रेक सोडला की तीच हवा बाहेर पडावी लागते. ती अडकून राहिली तर काय होते? ब्रेक बाइंडिंग! चाके तापतात, जळका वास येतो आणि इंजिन कितीही जोर लावो, गाडी ओढत नाही. अशा वेळी सिलिंडरमध्ये आणखी हवा भरा असे कोणी म्हणेल का?

सीओपीडीत असेच काहीसे घडते. श्वासनलिका सुजून अरुंद झालेल्या असतात आणि वायुकोशांचा लवचिकपणा गेलेला असतो. हवा आत जाते, पण बाहेर पडताना नळ्या मिटतात आणि जुनी हवा आतच साठून राहते. छाती आधीच फुगलेली, त्यात नवी हवा घ्यायला जागाच उरत नाही. माणूस घाबरतो, भराभर श्वास घेऊ लागतो. घाईमुळे सोडायला वेळ आणखी कमी मिळतो आणि साठा वाढत जातो. मालगाडीचा ब्रेक लागायला १८ ते ३० सेकंद लागतात, पण सुटायला ४५ ते ६० सेकंद द्यावे लागतात, हे आपल्या लोकांना ठाऊक आहे. या रुग्णांच्या छातीलाही तसाच जास्तीचा वेळ द्यावा लागतो.

फिजिओथेरपिस्ट मुलीने आईला पहिल्याच दिवशी सांगितले, “माताजी, पहले छोड़िए, लेना अपने आप हो जाएगा.” आई मला हळूच म्हणाली, “अरे, सोडा म्हणते ही, पण आहे कुठे माझ्याजवळ सोडायला?” प्रत्यक्षात सोडायचे राहून गेलेलेच तिच्याजवळ जास्त होते.

पहिला व्यायाम अगदी सोपा आहे. खुर्चीत आरामात बसावे, खांदे सैल सोडावेत. मनात दोन आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा. मग गरम चहावर फुंकर घालतो तसा ओठांचा चंबू करून चार आकडे मोजत सावकाश सोडावा. जोर लावू नये. ओठ आवळल्यामुळे नळ्यांमध्ये थोडा दाब टिकून राहतो आणि त्या लवकर मिटत नाहीत. हा सराव दम लागलेला नसताना रोज करावा, म्हणजे दम लागेल तेव्हा आपोआप आठवतो. जिना चढताना थांबून श्वास घ्यावा आणि फुंकर घालत एक-दोन पायऱ्या चढाव्यात. बादली उचलतानाही तसेच, उचलताना श्वास सोडायचा.

दुसरी गोष्ट बसण्याची. दम लागला की आडवे व्हावेसे वाटते, पण त्याने बहुधा त्रास वाढतो. टेबलावर कोपरे टेकवून पुढे झुकून बसावे. हातांना आधार मिळाला की छातीचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात.

आता यंत्रांकडे वळतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ येथेच आहे. २०२०-२१ च्या कोरोनाच्या काळात तीन रंगीत चेंडूंचे प्लॅस्टिकचे यंत्र घरोघरी आले. आमच्याकडेही एका शेजाऱ्यांनी प्रेमाने आणून दिले. नळीतून हवा ओढली की सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० घनसेंटीमीटर या वेगाला एकेक चेंडू वर चढतो. हे यंत्र मुख्यतः ऑपरेशननंतर खोल श्वास घेण्याची सवय राहावी म्हणून असते. त्यात आपण हवा आत ओढतो. ज्याची अडचण हवा बाहेर काढण्याची आहे, त्याने तिसरा चेंडू चढवण्याची जिद्द धरून दमून जाण्यात अर्थ नाही. यंत्र वाईट नाही, काम वेगळे आहे. आपण व्हील गेजने ब्रेकचा दाब मोजत नाही, तसेच हे.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात स्प्रिंगची झडप असते. ठरावीक जोर लावून ओढल्याशिवाय ती उघडत नाही. म्हणजे श्वास घेणाऱ्या स्नायूंची ती तालीमच! रुग्णाची ताकद मोजून, साधारण तिच्या ३० टक्क्यांपासून सुरुवात करून स्प्रिंग हळूहळू घट्ट करतात. २०२३ साली कोक्रेन या संस्थेने अशा ५५ अभ्यासांचा आढावा घेतला. केवळ हे यंत्र वापरणाऱ्यांना दम आणि चालणे यांत काही फायदा दिसला. पण जे आधीपासून चालण्याचा रीतसर व्यायाम करत होते, त्यांना यंत्राची जोड देऊन दम किंवा चालणे यांत विशेष भर पडली नाही. ज्यांच्या फुफ्फुसाला पूर्वी छिद्र पडले असेल, कानाचा पडदा फाटला असेल किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या यंत्राला हात लावू नये.

तिसरे यंत्र ज्यांना कफ फार होतो त्यांच्यासाठी. चिलमीसारख्या आकारात पोलादाची एक गोळी असते. श्वास सोडला की ती थरथरते, ती थरथर नळ्यांपर्यंत पोचते आणि चिकटलेला कफ सुटायला मदत होते. ज्यांना कफ नाही, त्यांनी त्यावर खर्च करण्याचे कारण नाही.

मग सर्वांत उपयोगी काय? चालणे! ऐकून निराश होऊ नका. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पाय दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांना त्याच कामासाठी जास्त हवा लागते. असे करता करता अंगण सुटते, मग ओटा, शेवटी खोली. हे चक्र तोडण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा ते आठ आठवडे चालणे, हातापायांचे व्यायाम आणि श्वासाची शिकवण असा कार्यक्रम असतो. कोक्रेननेच २०१५ साली त्यावरील ६५ चाचण्या एकत्र तपासल्या. दम कमी होणे, चालण्याची क्षमता वाढणे आणि एकूण जगणे सुसह्य होणे या तिन्ही बाबतींत फायदा स्पष्ट दिसला. अशी सोय गावात नसेल तर डॉक्टरांना विचारून घरीच सुरुवात करावी. दोन मिनिटे चालावे, एक मिनिट थांबावे, पुन्हा चालावे. थोडा दम लागला तर चालेल, पण एक वाक्य बोलता आले पाहिजे. आईने क्वार्टरच्या ओसरीपासून सुरुवात केली. आज ती कॉलनीच्या बगीच्याला एक फेरी मारते, मध्ये दोनदा बाकावर बसून.

कपालभातीबद्दल बरेच जण विचारतात. प्राणायामाबद्दल मला आदर आहे, पण भराभर श्वास आणि लांब कुंभक हे सीओपीडीच्या रुग्णाने मनाने करू नये. कारण वर आलेच आहे, घाईत हवा साठते.

आणि ‘पंपाची सवय लागते’ हा समज कृपया सोडून द्या. पंपाचे औषध थेट नळ्यांपर्यंत जाते, म्हणून अगदी कमी मात्रा पुरते. मात्र तो घेण्याची पद्धत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. व्यायाम हा औषधाला पर्याय नाही. कफाचा रंग बदलला, नेहमीपेक्षा दम वाढला, ओठ निळसर झाले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर फुंकर घालत घरी बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

शेवटी मंडळाला एक विनंती. गेली दोन वर्षे माझी आई मंडपात आरतीला येत नाही. तिच्यासारखे आणखी चार-पाच जण आपल्या कॉलनीत आहेत. त्यांना अडवतो तो धूप, उदबत्त्यांचा धूर, मिरवणुकीतील फटाके आणि मंडपाच्या सहा पायऱ्या. धूप बाहेरच्या बाजूला ठेवता आला, फटाके बंद करता आले आणि पायऱ्यांच्या खाली, बाप्पा दिसेल अशा जागी आठ-दहा खुर्च्या मांडता आल्या, तर ही मंडळी पुन्हा आपल्यात येतील. खर्च काहीच नाही.

आणि आल्यावर आरती म्हणायला सांगा त्यांना. विठ्ठलाच्या आरतीत पहिला शब्द कोण जास्त लांबवतो याची आपल्याकडे दरवर्षी चढाओढ लागते. नीट पाहिले तर तो सावकाश श्वास सोडण्याचाच सराव आहे! ज्येष्ठांनी तेवढी चढाओढ करू नये, आपल्याला झेपेल तेवढेच लांबवावे. बाकीचे आपण सारे मिळून पुरे करू.



गणपती बाप्पा मोरया!