तिघांचा करार

मंडळी, सकाळी दाराशी हाक येते, "ताई, कचरा!" आपण बादली पुढे करतो, दार लावतो आणि विषय संपला असे समजतो. खरे म्हणजे विषय तिथूनच सुरू होतो. आज त्याबद्दलच तुमच्याशी थोडे बोलायचे आहे.

शहराचा केरकचरा उचलणे हे महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. १९४९ सालच्या महानगरपालिका कायद्यातच ते सांगितले आहे. पण कायद्यात लिहिले, म्हणून घरोघरचा जिना चढायला पालिकेपाशी माणसे असतात थोडीच! मग करावे काय? या बाबतीत पुण्याने काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

कुंड्यांतून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरणाऱ्या बायका पुण्यात पूर्वीपासून होत्या. लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. १९९३ साली त्यांची संघटना उभी राहिली, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. पुढे २००० सालच्या घनकचरा नियमांनी घरोघर जाऊन कचरा गोळा करावा असे ठरवून दिले. आता यातली मेख पाहा. कचरा घरातून परस्पर गाडीत गेला, की कुंडी रिकामी. आणि कुंडी रिकामी, की या बायकांची चूल थंड! शहर स्वच्छ करायचे, पण कोणाची भाकरी हिरावून? असा तो पेच होता.

त्यातून वाट निघाली. वेचकांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली पुणे महानगरपालिकेने तिच्याशी पाच वर्षांचा करार केला. कामाची वाटणी साधी होती. सभासदांनी दारोदार जाऊन कचरा घ्यायचा. नागरिकांनी त्यांना दरमहा ठरलेली रक्कम द्यायची. विकण्याजोगे भंगार वेचकांचे. हातमोजे, ढकलगाड्या, कचरा निवडायला जागा आणि उरलेला कचरा पुढे नेण्याची सोय, हे पालिकेने पाहायचे. काल कुंडीत वाकणारी बाई आज ओळखपत्र लावून दाराशी येऊ लागली.

कोणी म्हणेल, "वा, पालिका सुटली की!" छे, तसे नाही. काम सोपवता येते, जबाबदारी सोपवता येत नाही. कचरा निवडायला जागा मिळाली नाही, गाडी वेळेवर आली नाही, एक करार संपून दुसरा लांबला, तर त्याची झळ पहिल्यांदा लागते ती वेचकाला आणि मागोमाग आपल्याला. म्हणून करार करणे सोपे. तो वर्षानुवर्षे पाळणे, ही खरी परीक्षा.

आणि हो, करारावर सह्या दोघांच्या असल्या, तरी पक्ष तीन आहेत. तिसरे आपण! ओला-सुका वेगळा न करता तुम्ही बादली भरलीत, तर तो कोणाला तरी हातांनी निवडावा लागतो. फुटकी काच तशीच टाकलीत, तर कोणाचे तरी बोट कापते. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढेच त्यांचे मागणे आहे. एका ठिपक्याला कितीसा वेळ लागतो हो?

पालिकेकडे हिशेब जरूर मागा, तो तुमचा हक्कच आहे. पण उद्या सकाळी हाक आली, की दार लावण्यापूर्वी आपलीही बादली एकदा पाहा.