नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे



मराठवाड्यात चांदीला घरोघरी मान आहे. बाळाचे उष्टावण चांदीच्या वाटीतून व्हावे, अशी हौस असते. पपई तर परसातलेच झाड. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईची फोड घालण्याची रीत सुगरणींना ठाऊक आहे. या जुन्या विश्वासाचा आधार घेऊन आता दोन प्रकारची उत्पादने विकली जातात. एक ‘कोलॉइडल सिल्व्हर’, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेले पाणी. दुसरे ‘नैसर्गिक एन्झाइम’, म्हणजे पपई, अननस आदींपासून काढलेल्या विकरांच्या गोळ्या.

चांदीत जंतुनाशक गुण आहे, हे खरे. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीयुक्त मलम लावतात. परंतु जखमेवर लावणे वेगळे आणि रोज पोटात घेणे वेगळे. शरीराला चांदीची गरज नाही. पोटात गेलेल्या चांदीचा काही अंश त्वचेत साठतो व छायाचित्राच्या फिल्मप्रमाणे उजेडाने काळवंडतो. त्वचा निळसर-करडी होते आणि हा रंग सहसा कायमचा राहतो. या विकारास ‘आर्जिरिया’ म्हणतात. चांदीमुळे थायरॉईडच्या व काही प्रतिजैविक औषधांचे शोषणही कमी होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच, चिठ्ठीविना विकली जाणारी अशी रौप्य-औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिला.

विकरांच्या बाबतीतही तारतम्य हवे. स्वादुपिंडाच्या काही आजारांत डॉक्टर विकरे देतात. तेथे ती खरी औषधे होत. मात्र पपईतील पपेनने काहींना तीव्र ॲलर्जी होते. अननसातील ब्रोमेलेन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या वडीलधाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. सूज उतरावी म्हणून दिले जाणारे सेराशिओपेप्टिडेज हे विकर जपानमध्ये २०११ साली उत्पादकानेच बाजारातून काढून घेतले. कारण चाचणीत ते निरौषध गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

कायदा ग्राहकाच्या पाठीशी आहे. मधुमेह वा कर्करोग बरा करण्याची हमी देणारी औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी सूचना नियमांनुसार आवश्यक आहे. ती सूचना वाचावी, आणि विक्रेता तोंडाने काही वेगळेच सांगत असेल तर सावध व्हावे.

सर्वांत मोठी हानी बाटलीतील द्रवाने होतेच असे नाही. ती चालू उपचार सोडल्याने होते. क्षयरोगाची औषधे शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. ती अर्ध्यावर टाकून चांदीच्या पाण्यावर विसंबणारा रुग्ण स्वतःचाच नव्हे, तर घरातील लेकरांचाही जीव धोक्यात घालतो.

म्हणून अशी बाटली वा गोळी घरात आली असल्यास ती लपवू नये. चालू औषधांसह ती आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांच्या सल्ल्याविना तिचा एक थेंबही घेऊ नये.