भाकर वीस रुपयांची, उरले किती?
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मागच्या मेळाव्यात तीन-चार पोरांनी आम्हाला मंडपाच्या बाजूला घेतले आणि एकच गोष्ट विचारली. रस्त्याला लागून अर्धा एकर वावर आहे, कापसात काही राहत नाही, ज्वारीला कोणी विचारत नाही, मग तिथे ढाबा टाकावा काय? आम्ही म्हटले, याचे उत्तर कानात सांगण्यासारखे नाही, पुढच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगू. कारण ढाबा आम्ही टाकलेला आहे. तो एकदा सरकारी हुकमाने बंद झाला, एकदा गिऱ्हाइकाअभावी बंद पडायला आला आणि शेवटी उचलून दुसरीकडे न्यावा लागला. आजही चालू आहे. तेव्हा हे ऐकीव नाही.

आम्ही सात जण होतो. सहा शेतकरी आणि सातवा हा तुमच्यासमोर उभा असलेला शेतकी पदवीधर. प्रत्येकी 40 हजार घातले, 2 लाख 80 हजार झाले. कर्जासाठी एका बँकेत गेलो होतो. साहेब म्हणाले, योजनेत तारण लागत नाही हे खरे, पण तुम्ही काहीतरी तारण आणा. आम्ही चहा पिऊन परत आलो. जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावर, मेहकरच्या अलीकडे, आमच्यापैकी एकाच्या धुऱ्याला लागून टिनाचे शेड उभे केले. वावराची जागा अकृषक करायची परवानगी, अन्नसुरक्षेची नोंदणी, ग्रामपंचायतीचा दाखला, विजेचे व्यापारी मीटर यांत चार महिने गेले. पेरणीला घात चार दिवसांची मिळते हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्याला कचेरीची घात समजत नाही. जून 2019 मध्ये चूल पेटली. ज्वारीची भाकर, बेसन, वांग्याचे भरीत, ठेचा. दुसरे काही नाही.

पहिल्या आठ दिवसांत गिऱ्हाईक काय बोलले? "भाकरीला वीस रुपये?" आता यात त्याची चूक नाही. 1995 साली युतीच्या सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणे सुरू केले होते. पुढे अनुदान आटले, तशी त्यातली कितीतरी केंद्रे चहा-वड्याची दुकाने झाली. पण भाकर म्हणजे एक रुपयाची वस्तू, हे लोकांच्या डोक्यात राहून गेले. नान-रोटीला पैसे मोजताना कोणी भाव करत नाही. भाकर म्हटली की आईने फुकट वाढलेली आठवते.

तर वीस रुपयांचा हिशोब मांडू. वही घेऊन आलो आहोत, पण तोंडानेच सांगतो. 2018 चा दुष्काळ होऊन गेलेला, दादर आम्ही 32 रुपये किलो धरली. निवडणे, दळणे, घट धरून पीठ 36 रुपयांना पडले. किलोत आठ भाकरी. म्हणजे एका भाकरीत धान्य साडेचार रुपयांचे. गावात ही गोष्ट पसरली आणि लोक म्हणू लागले, साडेचाराचे वीस करतात, सोन्याची खाण लागली! आम्हालाही सहा महिने तसेच वाटत होते. रोज 120 भाकरी थापायच्या, रात्री गल्ला मोजायचा, शिल्लक दिसायची.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शिल्लक वाचून दाखवत होतो. आमच्या तीन घरच्या बाया आळीपाळीने, रोज दोघी, तव्यापुढे उभ्या असायच्या. सकाळी अकरा ते रात्री दहा. त्यातल्या एक वहिनी हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, वावरातबी आमी फुकट अन् हाटेलातबी फुकट? आमची मजुरी कोन्त्या पानावर लिहेल हाये?"

कोणत्याच पानावर नव्हती. भावांनो, आम्ही व्यासपीठावरून वीस वर्षे सांगत आलो की शेतीमालाचा उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरली पाहिजे. आणि स्वतःच्या हॉटेलात आम्हीच ती खाऊन बसलो होतो. आम्हाला त्या रात्री मान वर करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी वही नव्याने लिहिली. दोघींची मजुरी तीनशे-तीनशे, सहाशे रुपये. 120 भाकरींवर वाटली तर भाकरीमागे पाच. गॅसची मोठी टाकी 19 किलोची, तिचे दोन रुपये. (घरची टाकी लावली तर स्वस्त पडते असे सांगणारे पुष्कळ भेटतील, तो गुन्हा आहे.) वीज, पाणी, वाढणारी दोन पोरे, भांडी, जागेचे भाडे यांचे साडेपाच. एकूण 17 रुपये. म्हणजे 120 भाकरींचा खर्च 2040. आणि रोज पंधराएक भाकरी उरून गुरांच्या पुढे जात होत्या. विकल्या 105, आले 2100. दिवसाला शिल्लक साठ रुपये! बायांची मजुरी लिहिली नव्हती तेव्हा हीच शिल्लक 660 दिसत होती. सहा महिने आम्ही धंद्याचा नफा म्हणून जो वाचून दाखवत होतो, तो दोन बायांचा घाम होता.

मग काही गोष्टी बदलल्या. गिऱ्हाईक बसल्याशिवाय तवा तापवायचा नाही. दुपारी तीन ते सात चूल बंद, बाया घरी. उरणाऱ्या भाकरी पंधरावरून चार-पाचावर आल्या. उधारी बंद केली, आणि ती बंद करताना कळले की सगळ्यात मोठी उधारी साहेब लोकांची नाही, आपल्याच कार्यकर्त्यांची आहे. 31 हजार रुपये! या मंडपातही काही जण बसले आहेत, नावे घेत नाही. छातीला बिल्ला लावला की भाकर फुकट, असे कोणत्या अधिवेशनात ठरले होते?

एक चूक मात्र आमच्या पदवीची. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस लागला, खरिपाची हायब्रीड उभ्या कणसात भिजून काळी पडली. आमच्याच वावरातली ज्वारी, व्यापारी घेईना, जीव तुटत होता. म्हटले, थोडी थोडी चांगल्या पिठात मिसळू. बुरशी आलेले धान्य माणसाच्या पोटात जाऊ नये, हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो आणि गावोगाव शिकवतही होतो. तरी मिसळली. भाकर काळसर निघाली, कडवट लागली. तीन दिवसांत नेहमीचे ट्रकवाले पुढच्या ढाब्यावर थांबू लागले. आपले नुकसान झाले याच्याशी गिऱ्हाइकाला काही देणेघेणे नाही आणि ते बरोबरच आहे. त्यानंतर फक्त दादर, आणि पीठ दोन दिवसांपुरतेच दळायचे. शिळ्या पिठाची विरी जाते, भाकर थापताना कडा फाटतात, हे आमच्या बाया आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगत होत्या.

जरा बस्तान बसते आहे तोच 25 मार्च 2020 ची टाळेबंदी आली. शेडला कुलूप. पण रस्ता बंद कुठे होता? पुण्या-मुंबईकडून माणसे पायी येऊ लागली, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरे. तेव्हा घराघरातून ज्वारी काढली आणि शेडच्या मागच्या बाजूला पुन्हा चूल पेटवली. किती भाकरी गेल्या ते लिहून ठेवले नाही. तेवढे एक पान वहीत कोरे आहे आणि कोरेच राहू द्यायचे ठरले आहे. ऑक्टोबरात हॉटेले उघडायला परवानगी मिळाली, अर्ध्या खुर्च्यांवर. एप्रिल 2021 ला पुन्हा बंद, नुसते पार्सल. या दीड वर्षात दोघा भागीदारांनी अंग काढून घेतले. त्यांना कोणी भित्रे म्हणू नये. एकाच्या घरी लग्न होते, दुसऱ्याच्या घरी दवाखाना. त्यांचे भांडवल हप्त्याहप्त्याने परत केले.

आणि 11 डिसेंबर 2022 ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. चांगला रस्ता आहे, आम्ही त्याच्या विरुद्ध बोलत नाही. पण त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, कुठेही उतरून भाकर खाता येत नाही. आमच्या शेडपुढून जाणाऱ्या नागपूरच्या मोटारी एका महिन्यात दिसेनाशा झाल्या. गल्ला निम्म्यावर आला. आम्ही काय केले? जे शेतकरी करतो तेच. पुढच्या महिन्यात सुधारेल, लग्नसराईत सुधारेल, श्रावणात सुधारेल. एक पीक गेले तर पुढच्या सालाची वाट पाहायची, ही आपली चिवट सवय, तिच्यावरच आपण जगलो. हॉटेलात तीच सवय गळ्याशी येते. शेतीत तोटा वर्षातून एकदा घरी येतो, इथे तो रोज रात्री दहा वाजता गल्ल्याशेजारी येऊन बसतो. आम्ही आठ महिने वाट पाहिली. त्या आठ महिन्यांत 96 हजार गेले. दोन महिन्यांत उठलो असतो तर यातले बरेच वाचले असते.

ऑगस्ट 2023 मध्ये शेड उतरवले आणि तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तिथे जाणारे-येणारे कमी, रोजचे जेवणारे जास्त. कचेऱ्यांतले लोक, कोर्टातले वकील, खोली करून राहणारी पोरे, त्यांचे डबे. भाकर आता पंचवीसची. बाया पाच आहेत, पाचींची मजुरी दर शनिवारी आधी निघते, मग बाकीचे. खरेदीची वही त्या वहिनींच्या हातात आहे. आता राहिलेले आम्ही पाच भागीदार. भांडवल आणि तोटा मिळून 1 लाख 12 हजार अजून अंगावर आहेत.

पोरांनो, अजून एक आकडा. रोज 120 भाकरी म्हणजे 15 किलो पीठ. वर्षाचे 300 दिवस धरले तर 45 क्विंटल. आपल्या कोरडवाहूत दादर एकरी साडेचार क्विंटल झाली, तर ही दहा एकरांची ज्वारी. भरभरून चालणारे एक हॉटेल दहा एकर ज्वारी खाते, जास्त नाही. तेव्हा गावागावात ढाबे निघाले की ज्वारीला भाव येईल, असे कोणी भाषणात सांगितले तर टाळ्या वाजवू नका. भावाचा प्रश्न बाजारातच सोडवावा लागेल. हॉटेल पाच-सात घरांना काम देऊ शकते, ते काही थोडे नाही. पण त्यासाठी आठ महिने गल्ला रिकामा राहिला तरी घर चालेल एवढी शिल्लक आधी बाजूला ठेवा. कापसाचे सगळे पैसे त्यात घालू नका. आणि रस्ता सरकारचा आहे, तो उद्या कुठून जाईल याची चौकशी जागा घेण्याआधी करा. आम्ही केली नव्हती. मोजणीचे दगड आमच्या डोळ्यांदेखत रोवले जात होते.

वही मंडपाच्या डाव्या हाताला टेबलावर ठेवली आहे, वहिनी तिथे बसल्या आहेत. ज्यांना बघायची त्यांनी बघावी, प्रश्न त्यांनाच विचारावेत. दुपारचे जेवण आमच्याच हॉटेलातून आले आहे. कूपन सत्तर रुपयांचे आहे, बिल्लेवाल्यांनाही.