आम्ही मॅरेथॉन चाललो

(प्रजासत्ताक दिनी, 26 जानेवारी 2025 रोजी, ध्वजवंदनानंतर सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला मॅरेथॉनबद्दल पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. सहा किलोमीटरला आम्हाला दीड तासाच्या वर लागला, तेव्हा पाच मिनिटांची खात्री देत नाही.

बरोबर आठवड्यापूर्वी, 19 जानेवारीला, मुंबई मॅरेथॉनच्या ‘ड्रीम रन’मध्ये आपल्या सोसायटीचे अकरा जण गेले होते. सगळ्यात लहान नववीतला आणि सगळ्यात मोठा मी, वय वर्षं चौऱ्याहत्तर. ही मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली. खरी मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. आफ्रिकेतले धावपटू ती सव्वादोन तासांच्या आत संपवतात. ड्रीम रन जेमतेम सहा किलोमीटरची. तिथे वेळ मोजत नाहीत, पहिला-दुसरा नंबर नसतो. कुणी धावतं, कुणी लेझीम खेळत जातं, कुणी फलक घेऊन. आमच्यासारखे पुष्कळ जण नुसते चालतात.

बी विंगमधल्या एका तरुण मित्राने मला लिफ्टमध्ये विचारलं, “काका, संस्थेला चेक देऊन टाका ना! त्यासाठी चालायचं कशाला?” प्रश्न चोख आहे. बँकेत असतो तर मीही हाच विचारला असता. त्याचं उत्तर आज देतो.

पैसे कशासाठी जमवले, ते आधी सांगतो. सौ.च्या आजारपणात आठ महिने मी डोंबिवलीहून परळला जात होतो. कॅन्सरच्या उपचारासाठी तिथे बिहार, बंगाल, आसामपासून माणसं येतात. उपचार महिनोन् महिने चालतात, आणि राहायला जागा नसते. फूटपाथवर सतरंजी, उशाला फाइल आणि एक्स-रेचं पाकीट. आम्हाला संध्याकाळी गर्दीची का होईना, लोकल होती, आणि लोकलच्या शेवटी आपलं घर होतं. सौ. मला म्हणायची, “यांचं काहीतरी करायला हवं हो.” ती गेली. वाक्य राहिलं. अशा रुग्णांच्या राहण्याची सोय करणाऱ्या एका संस्थेसाठी आपण यंदा चाललो.

आता उत्तर. मी चेक दिला असता तर तो माझा एकट्याचा झाला असता. चालायचं ठरवलं, म्हणून मला तुमच्या सगळ्यांच्या दाराची बेल वाजवायला कारण मिळालं. कॅनडात टेरी फॉक्स नावाचा मुलगा होता. हाडाच्या कॅन्सरने अठराव्या वर्षी त्याचा उजवा पाय गेला. 1980 साली कृत्रिम पाय लावून तो देश ओलांडायला निघाला. 143 दिवसांत 5373 किलोमीटर धावला. कॅन्सर फुप्फुसात पसरला म्हणून थांबावं लागलं, आणि 1981 मध्ये, तेवीस वर्षं पूर्ण होण्याआधी, तो गेला. त्याचं मागणं काय होतं? देशातल्या प्रत्येकाकडून एक डॉलर. मोठ्या देणगीदाराचा शोध नव्हे, प्रत्येकाकडून एक! त्याच्या नावाने जगभर ज्या दौडी होतात, त्यांत आजही कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

नोकरीत मी छत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसलो. लोक मागायला यायचे, मी कागद तपासायचो. आता मी बाहेरच्या बाजूला होतो. नुसतं ‘देणगी द्या’ म्हटलं की माणूस दार अर्धंच उघडतो. पण “मी सहा किलोमीटर चालणार आहे” म्हटलं की आतून आवाज येतो, “काका, तुम्ही? या वयात? आधी बसा, पाणी घ्या.” आपल्या 72 घरांपैकी 58 घरांनी पैसे दिले. सातव्या मजल्यावरच्या आजींनी एक्कावन्न रुपये पाकिटात घालून दिले आणि पावती मात्र आठवणीने मागून घेतली.

एका घराने पैसे दिले नाहीत. त्यांच्या परवानगीने सांगतो. गृहस्थ दारातच म्हणाले, “आमच्याच घरात हा आजार आहे. चार महिने झाले, कुणाला बोललो नाही.” मी वही मिटली आणि आत जाऊन बसलो. कुठली फाइल कुठे लागते, कुठल्या खिडकीवर सकाळी लवकर जावं, जेवणाचं काय करावं, हे माझ्याकडे होतं, ते दिलं. 19 तारखेच्या पहाटेच्या लोकलला ते गृहस्थ आमच्या आधी प्लॅटफॉर्मवर हजर होते. मरीन ड्राइव्हला समुद्राकडे बघत माझ्याबरोबर चालले. फारसं काही बोलले नाहीत. चेकने हे झालं नसतं, इतकंच माझं उत्तर.

आता हिशोब, कारण सवय जात नाही. प्रवेशशुल्क आणि प्रवास ज्याचा त्याने केला. तो देणगीत धरलेला नाही. जमलेला पैसा न् पैसा संस्थेकडे गेला, यादी नोटीस बोर्डवर आहे. पावत्या ज्याच्या त्याच्या नावाने आल्यात. देणगीवरची करसवलत जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी चेक किंवा यूपीआय.

ज्येष्ठांना एक सांगतो. आधी डॉक्टरांना विचारा, बीपी तपासा. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. आपल्या कंपाउंडची एक फेरी साधारण दोनशे मीटरची. तीस फेऱ्या म्हणजे सहा किलोमीटर. मी ऑक्टोबरात दहा फेऱ्यांपासून सुरुवात केली, डिसेंबरअखेर तीस झाल्या. धावायचं नाही. दम लागला तर बाकावर बसायचं.

सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं झाली. सभागृहाला रंग लागेल, स्मरणिका निघेल, छान होईल. माझी एकच विनंती आहे. पुढच्या जानेवारीत अकराचे पंचवीस होऊ द्या. उद्यापासून सकाळी सहाला मी गेटपाशी उभा असेन. ज्यांना चालणं जमणार नाही, त्यांच्याकडे वही घेऊन येईनच. नाही म्हणालात तरी चालेल, फक्त दार पूर्ण उघडा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!